महिन्याला एक मेंढी

८ जानेवारी

डिसेंबरचा गॅस: एकवीस हजार सहाशे सोम. हा झाला कागदावरचा आकडा. बिश्केकच्या गॅस कचेरीत खिडकीतल्या बाईंसाठी नेलेला चॉकलेटचा डबा, साडेचारशे. तो त्यांनी घेतला नाही, म्हणून परत येताना गाडीत रागाच्या भरात निम्मा मीच खाल्ला. संध्याकाळी दाढ ठणकली, तिची गोळी साठ. एकूण बावीस हजार एकशे दहा, आणि अर्धा दिवस दुकान बंद. दाढेचं दुःख वेगळं.

एवढ्या पैशांत एक चरबीदार मेंढी येते. म्हणजे डिसेंबरात आम्ही एक अख्खी मेंढी जाळली आणि घरात साधा वासही सुटला नाही.

त्याच खिडकीतल्या बाई, लिदिया फ्योदोरोव्ना, म्हणाल्या, "एक वही करा. रोज सकाळी मीटर बघायचा, आकडा लिहायचा. घरात काय घडलं तेही लिहायचं. महिन्याभरात चोर सापडतो."

"चोर आहे म्हणता?"

"नेहमी असतो. बहुतेक वेळा घरचाच."

तर ही वही. दुकानातलीच आहे, मागच्या पानांवर टायरांची मापं लिहिलेली आहेत. तीस वर्षं मी इंजिनं ऐकून पोट भरलं. गाड्या दुरुस्तीच्या एका भाड्याच्या खड्ड्यापासून सुरुवात केली, आज माझं स्वतःचं दुकान आहे, पाच खोल्यांचं घर आहे. गाडी फाटकातून आत येते तेवढ्यात मी सांगतो, डावं मागचं बेअरिंग गेलं. चोर असेल तर आवाज करणारच. माझ्या कानातून काही सुटत नाही.

९ जानेवारी

मीटर: एका दिवसात ४१ घनमीटर.

घरात माणसं चार. मी, माझी बायको झूरा, आमची सून बेगाइम, आणि ऑक्टोबरपासून आई. मुलगा कोरियात कारखान्यात आहे. त्यानं तिकडून एक पांढरी डबी पाठवली. खोलीत किती ऊब हवी ते तिच्यात ठरवून ठेवायचं, मग तीच बॉयलरला सांगते, पेट, थांब. आमच्या गल्लीत अशी डबी दुसरी नाही. लावायला आलेला कारागीर म्हणाला, "जिथं माणसं बसतात तिथं लावू." मी म्हटलं, "जिथं पाहुणे बसतात तिथं लाव." पाहुण्यांच्या खोलीत, मानाच्या भिंतीवर, नेमकी नजरेच्या उंचीला लावून घेतली.

शेजारीच लाकडी पेटीवर बेचाळीस गाद्या-रजयांची उतरंड. निम्म्या बेगाइमच्या माहेरहून आलेल्या, निम्म्या आईनं शिवलेल्या. त्यांच्यामागं रेडिएटर झाकला जातो तेही बरंच, तो शोभा घालवत होता. दार उघडलं की पाहुण्याची नजर आधी उतरंडीवर, मग डबीवर. एरवी ती खोली बंदच.

आज बेगाइम चहा देताना म्हणाली, "बाबा, त्या गाद्या दुसऱ्या भिंतीला लावू का?"

म्हटलं, "पोरी, तो तुझ्या माहेरचा मान आहे. मान कोपऱ्यात ठेवतात का?"

किटली उचलून ती आत गेली. गुणाची आहे. सासऱ्यापुढं मान वर करत नाही की उलट शब्द बोलत नाही. अशा सुना आता राहिल्या नाहीत.

११ जानेवारी

मीटर: ४०.

चोर सापडला असं वाटतंय. आज सुट्टी, दिवसभर घरी होतो, म्हणून मोजलं. आई दिवसातून अकरा वेळा चहा पिते. दर वेळी ताजी किटली, कारण तिला उकळता लागतो. जेवताना मी म्हटलं, "आई, मेंढी कुठं गेली ते कळलं बरं का. तुझ्या किटलीत बुडाली!"

सगळे हसले. आईही हसली. झूरा पुन्हा चहा ओतायला गेली तर आईनं पेल्यावर हात ठेवला. पोट भरलं असेल. तळलेले बोरसोकही आज जरा तेलकट झाले होते.

१३ जानेवारी

मीटर: ४२. आईनं काल चहा तीनदाच घेतला, तरी आकडा चढलाच. म्हणजे किटली नव्हे.

आमच्याकडं गॅसचा पिवळा पाइप फाटकांच्या डोक्यावरून जातो, एका घरातून दुसऱ्या घराकडं. आमच्या आणि दुंगन जमातीतल्या शेजारी इस्मारच्या फाटकाच्या मधे एक सांधा आहे. इस्मारचं बिल माझ्या निम्मं. घर तेवढंच. माझ्या मनात पाल चुकचुकली. सकाळी शिडी लावून वर चढलो, स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपाला आणि मूठ कानाला. इंजिनातला दोष असाच ऐकतात.

खालून आवाज आला, "काय तोकोदादा, काय म्हणतोय पाइप?"

इस्मार. हातात कणकेचा गोळा.

म्हटलं, "गळती बघतोय."

"बघा, बघा. आमच्याकडं आज लगमानच्या शेवया आहेत हे सांगितलं का त्यानं? नसेल सांगितलं तर मी सांगतो. खाली उतरा, कान गोठून पडतील. तुमचे कान म्हणजे दुकानाचं भांडवल."

जेवायला बसवलं. स्वयंपाकघरातच. त्याच्याकडं पाहुण्यांसाठी वेगळी खोलीच नाही, सगळे एका टेबलाशी कोंबून बसतात. लगमान मात्र फर्मास. चोराच्या घरचं जेवण एवढं चांगलं नसतं, म्हणून संशय मागं घेतला.

१५ जानेवारी

मीटर: ४३.

लिदिया फ्योदोरोव्ना मीटर तपासायला आल्या. दारात ओव्हरकोट काढला, मधल्या खोलीत शाल काढली, स्वयंपाकघरात स्वेटरसुद्धा काढला. म्हणाल्या, "इथं कलिंगडं लावली तर फेब्रुवारीत बाजारात नेता येतील."

झूरा म्हणाली, "म्हणून तर खिडकी उघडी ठेवतो."

बाहेर उणे अठरा आणि खिडकी उघडी! मी बाईंसमोरच घरच्यांना झापलं, "अरे, मी काय सगळ्या बिश्केकला शेकायला बसलोय का?"

झूरा म्हणाली, "अहो, खिडकी लावून तासभर बसून दाखवा, मग बोला."

बाईंनी मीटर बघितला, बॉयलर बघितला. मीटर बरोबर. बॉयलर उत्तम, फक्त थांबत नाही. "सतत पेटलेला आहे. याला कुणीतरी सांगतंय की घर गार आहे. कोण सांगतंय ते शोधा." चॉकलेटचा उरलेला निम्मा डबा मी पुन्हा पुढं केला. त्यांनी उघडून बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा घेतला नाही.

बेगाइम म्हणाली, "बाबा, आज ऊन आहे. त्या खोलीतल्या गाद्या अंगणात वाळत घालू का?"

म्हटलं, "आत्ता शेजारी बघतील, उतरंड मोडलेली. वसंतात घालू."

१८ जानेवारी

मीटर: ४३.

कोण सांगतंय त्याचा छडा लागला. आई! तिच्या खोलीत डोकावलो तर बाईसाहेब कापूस भरलेला जाड चापान अंगात, डोक्याला शाल, हात बाह्यांत खुपसून बसलेल्या. आम्ही इकडं घामाघूम आणि ही अशी. म्हातारपणी रक्त थंड होतं म्हणतात ते खरं. थंडी वाजते का विचारलं तर म्हणाली, "छे रे, सवय आहे ही अंगाची."

मला फार वाईट वाटलं. सरळ पाहुण्यांच्या खोलीत गेलो. डबी चौदा दाखवत होती. मोठी खोली, उंच छत, असणारच. बावीसवर लावलेली ती चोवीसवर केली. आईसाठी पैशाकडं बघायचं नाही.

संध्याकाळी कादिरचा फोन आला. माझा धाकटा भाऊ. आमच्या रीतीनं आई त्याच्याकडंच राहायची, पण या वर्षी तो बायकोला घेऊन रशियात बांधकामावर गेला. नारीनकडचं गावातलं घर रिकामं पडलं, म्हणून मी आईला आणलं. म्हटलं, "काळजी करू नकोस. तुझ्याकडं ती चुलीला चिकटून बसायची. माझ्या घरात भर जानेवारीत नुसत्या सदऱ्यावर फिरते आहे!"

आई शेजारीच बसली होती, चापान घालून. ती माझ्याकडं बघत राहिली. मुलाचं कौतुक, दुसरं काय.

२१ जानेवारी

मीटर: ४७! हे कसं काय?

बेगाइम: "बाबा, पाहुण्यांच्या खोलीत गाद्यांच्या मागं उंदीर आहे की काय वाटतंय. हलवून बघू का?"

म्हटलं, "हलवायला कशाला, सापळा लावतो." दुकानातून दोन सापळे आणले, चरबीचा तुकडा लावला. सुनेनं सापळ्याकडं बघितलं, मग झूराकडं बघितलं, मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून हसण्याचे आवाज येत होते. बायकांना उंदराची भीती वाटते तशीच गंमतही वाटते.

२४ जानेवारी

मीटर: ४८. सापळे रिकामे.

आई जाते म्हणते.

जेवण झालं, आम्ही हात पसरून दुवा मागून उठणार, तेवढ्यात सहज म्हणावं तसं म्हणाली, "शार्शेन तीस तारखेला बाजारासाठी शहरात येतोय. एकतीसला सकाळी परत निघेल. त्याच्या गाडीत जागा आहे. मी विचारलं त्याला."

शार्शेन म्हणजे गावचा शेजारी. मी म्हटलं, "जागा आहे म्हणजे? कुठं जायला?"

"घरी."

"घरी कोण आहे? घर रिकामं. तिकडं उणे तीस आहे, आई! चूल कोण पेटवणार?"

"हात आहेत मला. गोवऱ्या रचून ठेवल्यात छपराखाली. गोवऱ्यांचं बिल येत नाही."

"इथं काय कमी आहे तुला?"

"काही कमी नाही रे. जास्तच आहे." एवढं बोलून ती उठली.

मागच्या वर्षी मार्चमध्ये तिला न्यूमोनिया झाला होता. तेव्हा कादिर घरात होता, त्यानं रातोरात दवाखान्यात नेलं. आता तिकडं दार ठोठावायलाही कुणी नाही. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मेंढ्या हिवाळ्यात माणसापेक्षा कमी खातात. आणि म्हातारी मेंढीपेक्षाही कमी." याचा अर्थ मला लागला नाही.

२७ जानेवारी

मीटर: ४८.

आईनं गाठोडं बांधलं. तीन दिवस मी समजावतोय, झूरा समजावतेय. मी म्हटलं, तुझ्या खोलीत विजेचा हीटरसुद्धा लावतो. यावर ती एवढी घाबरली की जणू मी तिच्या खोलीत अस्वल आणून बांधणार होतो.

झूराशी वाजलं. ती म्हणाली, "तुम्ही काहीतरी बोलला असणार."

"मी? आईला? मी एक वावगा शब्द काढलेला नाही."

"तुमच्या कानांना फाटकाबाहेरचं इंजिन ऐकू येतं. टेबलापलीकडचं माणूस येत नाही."

बेगाइम भांडी पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "बाबा, त्या गाद्यांच्या मागची भिंत फार तापलेली लागते हाताला. आणि खोली मात्र गारच असते."

म्हटलं, "बरंच आहे की. गाद्या कोरड्या राहतात."

तिच्या हातातली बशी निसटली. फुटली नाही. या पोरीचं लक्ष हल्ली ठिकाणावर नसतं, नवऱ्याची आठवण येत असणार.

३० जानेवारी

मीटर: ४९. लिहिण्यात अर्थ राहिलेला नाही.

शार्शेन आला, बायकोला आणि मेहुण्याला घेऊन. मांस आणि शेवयांचं बेशबरमाक केलं. मानाचं मांस पाहुण्यांना वाढलं. पाहुणे मुक्कामाला. पाहुण्यांच्या खोलीत उतरंड उतरवली, तिघांना खाली दोन-दोन गाद्या, वर रजया, बाकीच्या आईला प्रवासात अंगाखाली घ्यायला म्हणून बेगाइमनं दाराशी आणून ठेवल्या. सगळ्याच्या सगळ्या. म्हटलं, एवढ्या कशाला? म्हणाली, "रस्ता लांबचा आहे, बाबा."

उद्या सकाळी नऊला निघायचं.

३१ जानेवारी

सकाळी जाग आली ती आवाजानं नव्हे, आवाज नसल्यानं. पडल्या पडल्या ऐकत राहिलो. कुत्रं ऐकू येत होतं, इस्मारचा कोंबडा ऐकू येत होता. घरातलं मात्र काहीतरी गेलं होतं. मग कळलं. बॉयलरची घरघर! ऑक्टोबरपासून एक घटका न थांबलेली घरघर थांबली होती.

मेला, म्हटलं. आईच्या जाण्याच्या दिवशीच मेला. पायमोज्यांवर धावलो. बॉयलर ठीक. दिवा हिरवा. पाण्याचा दाब ठीक. नुसता गप्प उभा, पोट भरलेल्या माणसासारखा.

तसाच पाहुण्यांच्या खोलीत गेलो. दार सताड उघडं. शार्शेन बनियनवर बसून टोपीनं वारा घेत होता. "तोको, ही झोपायची खोली आहे की हमाम? पहाटेपर्यंत आम्ही कणसासारखे भाजून निघालो!"

भिंतीवरची डबी चोवीस दाखवत होती. तिच्याखाली रेडिएटर, पांढरा, उघडा, लांबलचक. ऑक्टोबरनंतर मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. हात लावला आणि झटकन मागं घेतला.

तिथंच उभा राहिलो. इंजिनवाला माणूस मी. रेडिएटरपुढं रजई बांधली तर काय होईल हे मला गाडीत कळतं. इथं मी बेचाळीस बांधल्या होत्या, आणि दार लावून, त्याच बंद गार खोलीत बसवलेल्या डबीला रोज विचारत होतो, घर गार आहे का? बिचारी खरं सांगत होती. बॉयलर तिचं ऐकून पेटत होता, बाकीच्या खोल्या भट्टी होत होत्या, बायका खिडक्या उघडत होत्या.

मागं पावलं वाजली. बेगाइम, हातात चार गाद्यांची चवड, हनुवटीपर्यंत. नजर जमिनीवर.

"बाबा, परत तिथंच रचू?"

खांदे हलत होते तिचे. रडत नव्हती.

आईच्या खोलीत गेलो. ती तयार होऊन बसली होती. चापान, शाल, गाठोडं मांडीवर. खोलीत हुडहुडी भरली. एवढं घर तापलेलं आणि इथं हुडहुडी? तिच्या रेडिएटरला हात लावला. बर्फ. खालची चावी घट्ट बंद केलेली.

"आई, ही कधीपासून बंद आहे?"

"झाले काही दिवस."

"कधीपासून?"

"मेंढी किटलीत बुडाली त्या दिवसापासून."

खाली, जमिनीवरच बसलो. म्हणजे ती गारठून चापान घालत होती, आणि मी ते बघून डबी वाढवत होतो, आणि वाढता आकडा ऐकून ती आणखी...

"आई, ती तू नव्हतीस. मेंढी मी खाल्ली."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "संशय होताच मला. तुझं पोट बघून."

मी चावी उघडली. पाणी आत खळखळत आलं. ती ऐकत होती, पण गाठोडं काही खाली ठेवीना.

"आता तरी राहशील ना?"

"कादिरला फोन लाव."

"आत्ता? तिकडं कामावर असेल तो."

"लाव. सदऱ्यावर फिरते म्हणून सांगितलं होतंस ना त्याला? मग हेही सांग. मी ऐकते."

शार्शेन, त्याची बायको, मेहुणा, झूरा, बेगाइम, सगळे दारात गोळा झाले. सगळ्यांच्या देखत धाकट्या भावाला सांगावं लागलं की आई वीस दिवस माझ्या घरात चापान घालून बसली होती, आणि का बसली होती. पलीकडं कुठलंसं यंत्र घरघरत होतं, ते बंद झालं. मग कादिर म्हणाला, "दादा, माझ्याकडं चूल होती. ती गाद्यांच्या मागं नव्हती."

आईनं गाठोडं खाली ठेवलं. चापान काढला, घडी करून त्यावर ठेवला. मग झूराला म्हणाली, "सूनबाई, चहा टाक. उकळता."

शार्शेन नऊला निघाला. आईच्या जागेवर साखरेचं पोतं ठेवून दिलं, म्हणजे गाडी रिकामी गेल्यासारखी वाटायला नको.

१ फेब्रुवारी

मीटर: १९.

पुन्हा बघितला. १९.

डबी आता आईच्या खोलीच्या भिंतीवर आहे. कारागिरानं हलवायचे वेगळे पैसे घेतले आणि वर विचारलं, "इथं पाहुणे बसतात का?" पाहुण्यांच्या खोलीचं दार दिवसभर उघडं. उतरंड पलीकडच्या भिंतीला, बेगाइमनं लावली. या वेळी मला विचारलं नाही. इस्मार फाटकावरून डोकावून म्हणाला, "दादा, आज पाइप एवढा शांत कसा?" त्याला जेवायला बोलावलं. स्वयंपाकघरात.

आईनं काल चहा बारा वेळा घेतला. एक जास्तीचा. मी मोजत होतो ते तिनं बघितलं, म्हणून.

लिदिया फ्योदोरोव्नांना वही दाखवायला न्यायची, म्हणून आत्ता पहिल्या पानापासून वाचून काढली. बेगाइमनं त्या गाद्यांचा विषय काढला त्या तारखा: नऊ, पंधरा, एकवीस, सत्तावीस. चारही वेळा तिचं बोलणं शब्दन् शब्द लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे.